जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी एकदा उघडून तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कणकवली बाजूला माझं कॉम्प्युटर रिपेअरचं छोटं दुकान आहे, फॉर्म भरणं, प्रिंट, झेरॉक्स हे सगळं त्याच्याच जोडीला चालतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे कंपनीचे नेहमीचे अपडेट बंद झाले, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा प्रश्न एकच झालाय, "ताई, ह्यां आता भंगारात घालूचां काय?" आणि वाईट याचं वाटतं की बहुतेकांना कोणीतरी आधीच "हो, घाला" असं सांगून मोकळं झालेलं असतं. मशीन कोणी उघडूनही बघितलेली नसते. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं झालंय पण कृपया जमेल तेवढं छापा, कारण शाळा-कॉलेज सुरू व्हायच्या दिवसांत घरोघरी हाच विषय असतो.

आपल्याकडे घरातला लॅपटॉप बऱ्याचदा दुकानातून नवा घेतलेला नसतोच. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्याला ऑफिसने जुनी मशीन स्वस्तात दिलेली असते, तो ती थोडी वर्षं वापरतो आणि मग गणपतीला नाहीतर मे महिन्यात येताना गावच्या पुतण्याला, भाचीला आणून देतो. म्हणजे गावात पोचते तेव्हाच ती सात-आठ वर्षांची असते, कधी बारा-तेरा वर्षांचीही. पण या ऑफिसच्या मशीन, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वगैरे, बांधणीला मजबूत असतात, खालचं झाकण स्क्रू काढले की निघतं, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि डिस्क (माहिती साठवणारी) समोर दिसतात, आणि कुठला भाग कसा काढायचा याची पूर्ण मॅन्युअल कंपनीच्याच साइटवर फुकट मिळतात. आज दुकानात मिळणारे कितीतरी पातळ लॅपटॉप असे उघडून सुधारता येत नाहीत, त्यांची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तेव्हा जुनं आहे म्हणून कमी समजू नका.

आता मुख्य गोष्ट. २०११ ते २०१७ च्या दरम्यानची मशीन हळू चालते तेव्हा बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतोच, हार्ड डिस्कचा असतो. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर (कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी) उघडा आणि डिस्कच्या खाली आकडा बघा, काहीही न करता तो १०० टक्क्यांवर दहा-दहा मिनिटं चिकटून बसलेला दिसेल, आणि प्रोसेसर मात्र पाच-दहा टक्क्यांवर रिकामा. लॅपटॉपमधली जुनी डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे फिरते आणि तिच्यावरची सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद घेते. ऐकायला हे कमी वाटतं, पण विंडोज, अँटिव्हायरस, अपडेट आणि ब्राउझर मिळून एकाच वेळी हजारो बारीक बारीक फायली मागत असतात, आणि ती सुई सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा जागा बदलू शकते. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. म्हणून ज्या मशीनला सुरू व्हायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागायचा ती अर्ध्या मिनिटात उभी राहते, आणि माणूस विचारतो की ताई प्रोसेसर बदललात काय. नाही हो, फक्त डिस्क बदलली.

यात लोकांना एक भीती घातली जाते की तुमची मशीन फार जुनी आहे, तिला एसएसडीचा फायदा व्हायचा नाही. अडीच इंची साटा (डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत) एसएसडी त्याच जागी, त्याच खाचेत, त्याच स्क्रूंवर बसते. मशीन साटा-२ ची असली तर वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आत राहील, साटा-३ असली तर साडेपाचशेपर्यंत जाईल, पण रोजच्या वापरात जो फरक जाणवतो तो या आकड्यातून येत नाही, तो सुईची धावपळ संपल्यामुळे येतो, आणि ती दोन्हीकडे सारखीच संपते. २५६ जीबी घरच्या कामाला पुष्कळ झाली. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, यूएसबी केसिंगमध्ये घालून फोटो ठेवायला वापरा, पण त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून तिची तब्येत बघा, तिथे पिवळं 'कॉशन' दिसलं तर सगळ्यात आधी लग्नाचे आणि बारशाचे फोटो दुसरीकडे काढून घ्या, बाकीचं नंतर.

दुसरी गोष्ट रॅम. २ जीबीवर आज काहीही चालत नाही, ४ जीबीवर ब्राउझरचे चार टॅब उघडले की संपलं, ८ जीबी असली की घरचं आणि शाळेचं काम आरामात होतं. रॅम कमी पडली की मशीन डिस्कवर जागा मागायला लागते, म्हणजे हाताशी फडताळ नसल्यामुळे मीठ-मसाला प्रत्येक वेळी शिडी लावून माळ्यावरून काढावा तशी गत होते, आणि डिस्क जुनी असली तर तो माळाही लांबचा. पण रॅम घेताना घाई करू नका. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या रॅमच्या जाती दिसायला सारख्या, खाचही तीच, पण एल वाली १.३५ व्होल्टवर चालते आणि साधी १.५ वर. २०१३ नंतरच्या बऱ्याच मशीनना एल वालीच लागते, साधी लावली तर स्क्रीन काळीच राहते आणि गिऱ्हाईक समजतो की बोर्ड गेला. डीडीआर४ ची तर खाचच वेगळी, ती जबरदस्तीने दाबू नका. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ८ जीबी लावून उपयोग नाही, ती ४ च्या वर बघतच नाही, आधी ६४ बिट टाकावी लागेल.

सध्या रॅमचे आणि एसएसडीचे भाव चढलेत हे खरं आहे. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिप इतक्या लागायला लागल्यात की मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा सामान्य गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण याच कारणामुळे नव्या लॅपटॉपची किंमतही वाढते, तेव्हा जुनी मशीन सांभाळायला आज उलट जास्त कारण आहे. जुन्या डीडीआर३ च्या पट्ट्या बंद पडलेल्या मशीनमधून निघालेल्या मिळतात, रॅम सहसा खराब होत नाही, मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावून रात्रभर तपासली की बिनधास्त वापरावी.

आता जे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगावं लागत नाही पण आपल्याला लागतं ते. आपल्याकडचं खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस. देवगड, मालवण, वेंगुर्ला किनाऱ्यावरून आलेली मशीन मी उघडते तेव्हा पहिली लढाई स्क्रूशी असते, गंजून त्यांची डोकी गेलेली असतात. आत रॅमच्या पट्टीवर जे सोनेरी दात असतात ते काळपट झालेले, कधी हिरवट. अशी मशीन चालू केली तर तीन बीप देते किंवा काहीच करत नाही आणि मालकाला सांगितलं जातं "बोर्ड गेला, बारा हजार". पट्टी काढा, साध्या पांढऱ्या खोडरबरने ते दात हलक्या हाताने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, खाचेत ब्रश मारा आणि परत लावा, यातल्या कितीतरी मशीन तिथल्या तिथे उठतात. मग पंखा. धूळ आणि ओल मिळून पंख्याच्या जाळीवर असा घट्ट थर बसतो की तो चिमट्याने अख्खा उचलून काढता येतो, हवा जायला जागाच नाही, त्यात प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर पोचवणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली. प्रोसेसर तापला की स्वतःला जपायला स्वतःचा वेग कमी करतो, आणि लोक म्हणतात व्हायरस शिरलाय. जाळी साफ करून नवीन पेस्ट लावली की तो गेलेला वेग परत येतो, याला पार्ट काहीच लागत नाही. मी तर म्हणेन की आपल्या भागात अपग्रेडचं पहिलं काम हेच, पैसे खर्च करायच्या आधी.

पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात कोंडून ठेवू नका ही कळकळीची विनंती. चांगला सांभाळायचा म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोदरेजच्या कपाटात ठेवतात आणि दसऱ्याला काढतात तेव्हा स्क्रीनच्या आत बुरशीचे ठिपके आलेले असतात, ते मग जात नाहीत. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, त्याच्या स्वतःच्या गरमीने ओल निघून जाते. विजा कडकडायला लागल्या की, मग त्या मे मधल्या वळवाच्या असोत की ऑक्टोबरच्या, चार्जर भिंतीतून काढा आणि इंटरनेटची तांब्याची केबल असेल तर तीही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

बॅटरीचं पण सांगते. बॅटरी मेलेली आहे, चार्जरवर चालतो ना, मग राहू दे, असं बहुतेक घरांत चालतं. आपल्याकडे लाईट जाते ती सांगून जात नाही, पावसात तर फांदी पडली की गेली, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर लिहिणं चालू असताना करंट गेला तर फायली तुटतात, बॅड सेक्टर म्हणजे डिस्कवर खराब जागा पडतात. अर्धा तास टिकणारी बॅटरी असली तरी मशीन नीट बंद करायला वेळ मिळतो, तेवढ्यासाठी ती बदलावी. आणि बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, तर एक दिवसही वापरू नका, काढून घ्या, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नाही, ती पेट घेते.

एक बारीकशी वस्तू आहे जिच्यासाठी लोक नवीन लॅपटॉप घ्यायला निघालेले मी बघितलेत. बोर्डावर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो, घड्याळाला असतो तसा नाण्याएवढा, लॅपटॉपमध्ये त्याला बऱ्याचदा दोन वायरी जोडलेल्या असतात. तो मेला की मशीनची तारीख मागे जाते, २००९ नाहीतर २०१२ दाखवते. मग बँकेची साइट उघडत नाही, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची साइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं, कारण साइटचं सर्टिफिकेट त्या तारखेला जन्मालाच आलेलं नसतं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, आणि ऐन फॉर्मच्या दिवसांत मुलगी रडवेली होऊन येते की लॅपटॉप गेला. तो सेल किरकोळ किमतीचा असतो.

आता कुठे पैसे घालू नयेत तेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी धंद्यासाठी बोलते असं वाटेल. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या काळातल्या, डीडीआर२ रॅमच्या मशीनवर रॅमसाठी खर्च करू नका, ती रॅम दुर्मिळ आणि म्हणून महाग. प्रोसेसर बदलायच्या भानगडीत पडू नका, २०१३-१४ पर्यंतच्या काही मशीनमध्ये तो खाचेत असतो आणि बदलता येतो पण जेवढा खर्च तेवढा फरक पडत नाही, त्यानंतरच्या बहुतेकांत तो सोल्डरच असतो. आणि पुराच्या पाण्यात गेलेली मशीन. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घुसलं, तसं पाणी आणि चिखल ज्या बोर्डात शिरला तो सुकवून चालू झाला तरी आतून खात राहतो आणि काही महिन्यांनी बंद पडतो, अशा मशीनमधून डिस्क काढून डेटा वाचवा आणि तिथे थांबा.

विंडोजचं काय हा प्रश्न उरतोच. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ ला घेतलेली सातव्या पिढीची चांगली मशीनही बाहेर. आडमार्गाने ११ टाकून देणारे आहेत, मी तो टाकत नाही, पुढच्या अपडेटला काय होईल याची हमी कंपनीच देत नाही. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून मिळतील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, तेवढी सवड घ्या. आणि ज्यांचं काम ब्राउझर, व्हिडिओ, पत्र लिहिणं, पीडीएफ एवढंच आहे त्यांनी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट बघावी, फुकट आहे, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता, आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. मात्र ज्यांचं टायपिंग श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर आहे, जे डिजिटल सहीचा टोकन वापरतात, त्यांनी घाईने उडी मारू नये, आधी आपलं काम त्यावर होतं का ते बघून घ्यावं.

चाकरमानी मंडळींना एक हक्काने सांगणं. ऑफिसची मशीन घ्याल तेव्हा तिथल्या आयटीवाल्याकडून बायोसचा (मशीनच्या मूळ सेटिंगचा) पासवर्ड काढून टाकून घ्या, डिस्कला लॉक असेल तर तो काढून घ्या आणि मूळचा चार्जर मागून घ्या. पासवर्डवाली मशीन गावात आली की ती अडकली म्हणून समजा, आणि काही कंपन्यांचे लॅपटॉप भलता चार्जर लावला की बॅटरी चार्जच करत नाहीत आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणतात. मुंबईत पाच मिनिटांत होणारं काम इथे कोणालाच करता येत नाही.

शेवटी सरकारी कचेऱ्या आणि शाळांबद्दल, आणि खरं तर याचसाठी हे सगळं लिहायला घेतलं. एका शाळेत मी प्रिंटर बघायला गेले होते, बाजूच्या खोलीत निर्लेखनाला, म्हणजे वापरातून रद्द करायला, काढलेले कॉम्प्युटर आणि लॅपटॉप ढिगाने ठेवलेले, वरून कौल गळतंय. त्यातला जो लॅपटॉप मी गुरुजींना विचारून उलटा करून बघितला तो चौथ्या पिढीचा आय५ (अजून कामाचा प्रोसेसर) होता, रॅमची एक खाच रिकामी. शाळेत मुलांना बसायला कॉम्प्युटर पुरत नाहीत आणि शिक्षक यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती घरी जाऊन स्वतःच्या मोबाईलवर भरतात. वय झालं, मूल्य शून्य झालं, काढा, असा कागदी हिशोब असतो, मशीनमध्ये जीव किती आहे हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात मोठ्या संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिसायकल करणारा किंवा दुरुस्त करून परत वापरात आणणारा यांच्याकडेच द्यावा असं आहे. म्हणजे दुरुस्त करून वापरणं नियमातच मानलेलं आहे. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टलही काढलं. तरी आपल्याकडे ढीग जातो तो भंगारवाल्याकडेच, आणि तांबं काढायला वायरी जाळल्याचा वास कुठून येतो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

माझी मागणी अवघड नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हा परिषदांनी निर्लेखनाच्या यादीत एक रकाना वाढवावा, "डिस्क व रॅम बदलून चालतो का", आणि तो भरल्याशिवाय यादीवर सही होऊ नये. तपासायला माणसं नाहीत असं उत्तर येईल, तर मालवणला आणि रत्नागिरीला सरकारी पॉलिटेक्निक आहेत, तालुक्यांत आयटीआय आहेत, तिथल्या मुलांना याहून चांगलं प्रॅक्टिकल मिळायचं नाही. ज्या मशीन चालतील त्या जवळच्याच शाळेला द्याव्यात, ज्या चालणार नाहीत त्यांच्या रॅम, स्क्रीन, चार्जर काढून दुसऱ्यांना लावाव्यात, उरलेलं नियमाप्रमाणे जाऊ दे. जुन्या डिस्कवर मुलांची आणि कचेरीची माहिती असते, ती पुसल्याशिवाय मात्र काहीही बाहेर पडू नये.

आमच्या तालुक्यात अशी तपासणी ठेवली तर रविवारी येऊन मशीन उघडून द्यायला मी तयार आहे, मजुरी नको. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने यादी तेवढी तयार ठेवावी, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी.

आपली,
एक वाचक, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग